जळालेली मोटर आणि गेटचे विषय

डेल्टा जोडणीवर चालणारी साडेसात हॉर्सपॉवरची मोटर जळून दुकानात आली, की मोटर भरणारे काका झाकण काढतात, वेटोळ्यांवरून एक नजर फिरवतात आणि सांगतात, "फेज गेला होता." मीटर लावायची त्यांना गरज पडत नाही. तीन फेजपैकी एकाच फेजच्या कॉइली कोळसा झालेल्या असतात, बाकी दोन फेजच्या जवळपास कोऱ्या. मोटर स्टार जोडणीची असेल तर चित्र उलटं असतं : दोन फेज काळे, तिसरा स्वच्छ. सोनई, घोडेगाव, राहुरी या उसाच्या पट्ट्यात वायंडिंगच्या दुकानांतून हे ज्ञान पिढ्यांपासून आहे.

आता कागद-पेन घ्या आणि त्याचं कारण काढा. तीन लाइनींपैकी एक तुटली. डेल्टात उरलेल्या दोन लाइनींच्या मध्ये एक वायंडिंग थेट येतं, आणि बाकीची दोन एकापुढे एक जोडली जाऊन त्याला समांतर येतात. तिन्हींचा इंपिडन्स सारखा धरला, तर थेट आलेल्या वायंडिंगमधून इतर दोघांच्या दुप्पट करंट जातो. दुप्पट करंट म्हणजे चौपट उष्णता. म्हणून एकच फेज जळतो. स्टारमध्ये दोन वायंडिंग सिरीजमध्ये येतात आणि तिसऱ्याला करंटच मिळत नाही, म्हणून तो कोरा राहतो. संपलं. चार ओळींचं गणित, पण त्यात सर्किट थिअरी आहे, थ्री फेज आहे आणि मशीन्स आहे. गेटच्या इलेक्ट्रिकल पेपरमधले बरेच प्रश्न असेच दोन-तीन विषयांच्या सांध्यावर बसलेले असतात. अभ्यासाचा क्रम ठरवताना हा सांधा आधी ध्यानात घ्यायचा, एवढंच मला या लेखात पटवून द्यायचं आहे.

हे लिहितोय ते मुख्यतः आपल्या भागातल्या मुलामुलींसाठी. सोनईत मुळा एज्युकेशन सोसायटीचं पॉलिटेक्निक आहे, जिल्ह्यात इतरही आहेत. दहावीनंतर डिप्लोमा, मग थेट दुसऱ्या वर्षाला बीई, हा इथला रुळलेला रस्ता. त्या थेट प्रवेशासाठी वेगळी प्रवेश परीक्षा नसते, डिप्लोमाच्या गुणांवरच गुणवत्ता यादी लागते. त्यामुळे या मुलांपुढे पहिली खरी देशपातळीवरची परीक्षा उभी राहते ती गेट. नुसत्या तीन वर्षांच्या डिप्लोमावर ती देता येत नाही, पण बीईच्या तिसऱ्या वर्षापासून देता येते. आयआयटी मुंबई, नागपूरचं व्हीएनआयटी, माटुंग्याचं व्हीजेटीआय, पुण्याचं सीओईपी इथल्या एमटेकचा दरवाजा या गुणांवर उघडतो, आणि सरकारी मालकीच्या अनेक वीज कंपन्याही भरतीसाठी हेच गुण पाहत आल्या आहेत.

पेपरचा साचा आधी नीट समजून घ्या. तीन तास, ६५ प्रश्न, १०० गुण. त्यातले १५ गुण सामान्य क्षमतेचे, सुमारे १३ गुण गणिताचे, आणि उरलेले ७२ गुण इलेक्ट्रिकलच्या विषयांचे. विषय नऊ : सर्किट्स, इलेक्ट्रोमॅग्नेटिक फील्ड्स, सिग्नल्स आणि सिस्टिम्स, मशीन्स, पॉवर सिस्टिम्स, कंट्रोल, मापन, अ‍ॅनालॉग-डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स आणि पॉवर इलेक्ट्रॉनिक्स. गणित धरलं की दहा. पुष्कळ मुलं हे दहा विषय वहीच्या पहिल्या पानावर लिहितात, महिन्यांनी भागतात आणि प्रत्येकाला सारखे दिवस देतात. हे वेळापत्रक पहिल्या दोन महिन्यांतच कोसळतं, कारण विषय एकमेकांच्या शेजारी उभे नाहीत, एकमेकांच्या खांद्यावर उभे आहेत.

सगळ्यात खालचा खांदा सर्किट्सचा. थेवेनिन, नॉर्टन, सुपरपोझिशन, रेझोनन्स, ट्रान्झियंट्स, टू-पोर्ट आणि संतुलित थ्री फेज, हे हाताला इतकं बसलं पाहिजे की प्रश्न वाचतानाच कोणती पद्धत लावायची ते ठरावं. डिप्लोमाची मुलं इथे एक चूक करतात. तिकडच्या परीक्षेत "थेवेनिनचं प्रमेय सांगून आकृती काढा" असा प्रश्न यायचा आणि त्याला पूर्ण गुण मिळायचे. गेट प्रमेय विचारत नाही. गेट एक जाळं देतं, ज्यात एक सोर्स दुसरीकडच्या करंटवर अवलंबून असतो, आणि विचारतं की या दोन टोकांमध्ये रेझिस्टन्स किती. तिथे स्वतःहून एक व्होल्टचा सोर्स जोडून करंट काढायचा असतो. असे पन्नास-साठ प्रश्न स्वतःच्या हातांनी सोडवा. उत्तर बघून "हं, बरोबर" म्हणणं हा अभ्यास नव्हे. हेट आणि केमर्ली यांचं पुस्तक यासाठी पुरेसं आहे. दुसरं घेऊ नका.

सर्किट्सच्या जोडीनेच गणित सुरू करा. आणि इथे मला जरा थांबायचं आहे, कारण थेट दुसऱ्या वर्षाला गेलेल्या मुलांची खरी अडचण हीच आहे, आणि ती कुणी उघडपणे सांगत नाही.

पदवीच्या पहिल्या वर्षात इंजिनिअरिंग गणिताचे जे पेपर असतात, ते तुमच्या वाट्याला आलेच नाहीत. वर्गातले बाकीचे मॅट्रिक्स, आयगन व्हॅल्यू, मल्टिपल इंटिग्रल, डिफरन्शियल इक्वेशन हे सगळं एकदा करून आलेले असतात. तुम्ही दुसऱ्या वर्षाला येता आणि सर फळ्यावर लाप्लास सुरू करतात. मग मनात घर करतं की "आपलं गणितच कच्चं". कच्चं नाही. ते तुम्हाला शिकवलंच गेलेलं नाही. हा फरक मोठा आहे, कारण न शिकवलेलं शिकून घेता येतं. बी. एस. ग्रेवाल यांच्या जाड पुस्तकातले लिनिअर अल्जेब्रा, डिफरन्शियल इक्वेशन्स, प्रॉबॅबिलिटी, कॉम्प्लेक्स व्हेरिएबल्स आणि व्हेक्टर कॅल्क्युलस एवढे भाग घ्या. रोज एक तास, चार महिने. त्या तासात इलेक्ट्रिकलला हातही लावू नका.

सुरुवात मॅट्रिक्सपासून. दोन बाय दोनचं मॅट्रिक्स घ्या : पहिल्या ओळीत २ आणि १, दुसऱ्या ओळीत १ आणि २. कर्णावरच्या आकड्यांची बेरीज ४, डिटर्मिनंट ३. ज्या दोन संख्यांची बेरीज ४ आणि गुणाकार ३, त्या तुमच्या आयगन व्हॅल्यू : ३ आणि १. अर्ध्या मिनिटाचं काम. आता हेच कंट्रोलमध्ये कुठे येतं बघा. स्टेट-स्पेसमध्ये सिस्टिमच्या मॅट्रिक्सच्या आयगन व्हॅल्यू म्हणजेच तिचे पोल, फक्त काही पोल शून्याशी खोडले जाऊन ट्रान्सफर फंक्शनमध्ये दिसेनासे होऊ शकतात. म्हणजे गणितावर घातलेला एक तास दोनदा गुण देतो. व्हेक्टर कॅल्क्युलसचंही तसंच. ते पक्कं झालं की इलेक्ट्रोमॅग्नेटिक फील्ड्स हा विषय निम्मा होऊन जातो, आणि ते पक्कं नसेल तर तो विषय डोंगराएवढा वाटतो. फील्ड्सचे प्रश्न थोडे असतात. गॉस, अँपिअर, बायो-सावार आणि साध्या आकारांचे कपॅसिटन्स-इंडक्टन्स एवढं करून पुढे निघा.

मशीन्स हा तुमचा हक्काचा विषय आहे. शहरातल्या पुष्कळ मुलांनी इंडक्शन मोटर फक्त प्रयोगशाळेत पाहिलेली असते. तुम्ही ती विहिरीवर, कालव्याच्या कडेला, गुऱ्हाळावर पाहिली आहे. मोनोब्लॉक पंपाच्या नावाच्या पट्टीवर २८८० आरपीएम लिहिलेलं असतं. ५० हर्ट्झला दोन पोलच्या मशीनचा सिंक्रोनस वेग ३०००. फरक १२०, म्हणजे स्लिप ४ टक्के, आणि रोटरमधली फ्रिक्वेन्सी ५० च्या ४ टक्के, म्हणजे २ हर्ट्झ. घरच्या पंपाची पट्टी वाचून इंडक्शन मोटरचा पहिला धडा पुरा होतो. पाच हॉर्सपॉवर म्हणजे ३७३० वॅट. एफिशियन्सी आणि पॉवर फॅक्टर दोन्ही ०.८५ धरा, व्होल्टेज ४१५. करंट सुमारे ७.२ अँपिअर येतो. हे गणित करा, मग शेजारच्या वायरमनकडून क्लॅम्प मीटर घेऊन चालू मोटरचा करंट बघा. दोन्ही आकड्यांत फरक पडेल. तो का पडला, याचा विचार करत बसलात तर एखाद्या धड्याएवढं शिकून उठाल.

उन्हाळ्यात लाइनीच्या शेवटच्या टोकाला व्होल्टेज ३४० पर्यंत उतरतं आणि मोटर नुसती घुमते, उचलत नाही. कारण टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. ३४० भागिले ४१५, त्याचा वर्ग, ०.६७. सुरुवातीचा टॉर्क दोन तृतीयांशावर आला. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये सुरुवातीला लाइनचा करंट एक तृतीयांश होतो, पण टॉर्कही एक तृतीयांशच होतो. आधीच व्होल्टेज पडलेलं असताना स्टारमध्ये पंप का सुटत नाही, ते या दोन वाक्यांतून कळतं. दोन्ही गोष्टी परीक्षेत नेहमी विचारल्या जातात.

ट्रान्सफॉर्मरसाठी चौकातल्या डीपीखाली उभे राहा (फक्त लांबून, हात लावू नका). १०० केव्हीएची डीपी, ११ किलोव्होल्टवरून ४३३ व्होल्ट. वरच्या बाजूला सुमारे सव्वापाच अँपिअर, खालच्या बाजूला १३३. इंपिडन्स ४.५ टक्के धरला, तर खालच्या टोकांवर शॉर्ट झाल्यावर करंट १३३ भागिले ०.०४५, म्हणजे जवळजवळ तीन हजार अँपिअर. फ्यूजच्या जागी जाड तार गुंडाळली की डीपी का जळते, हे त्या आकड्यात आहे. गावठाणाची डीपी चोवीस तास चार्ज असते. तिचा आयर्न लॉस २५० वॅट असेल, तर कुणी एक दिवा लावला नाही तरी दिवसाला ६ युनिट जातात. फुल लोडचा कॉपर लॉस १००० वॅट असेल, तर जास्तीत जास्त एफिशियन्सी कोणत्या लोडवर? जिथे कॉपर लॉस आयर्न लॉसएवढा होतो तिथे. २५० भागिले १००० चं वर्गमूळ, अर्धा लोड.

सिंक्रोनस मशीनला मुलं भितात. त्यासाठी दोन ठिकाणं मनासमोर ठेवा. एक, आपल्या भागातल्या सहवीजनिर्मिती करणाऱ्या साखर कारखान्यांमधला अल्टरनेटर, जो बगॅसच्या वाफेवर फिरतो आणि ग्रीडला जोडला जातो. जोडण्याआधी व्होल्टेज, फ्रिक्वेन्सी, फेजचा क्रम आणि कोन जुळलेच पाहिजेत. जोडल्यानंतर वाफ वाढवली की मेगावॅट वाढतात, एक्सायटेशन वाढवलं की रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर वाढते. हे एक वाक्य पक्कं झालं की या प्रकरणाची निम्मी गणितं सुटतात. दुसरं ठिकाण, अकोले तालुक्यातलं घाटघर. तिथल्या २५० मेगावॅटच्या पंप स्टोरेज प्रकल्पात तेच यंत्र मागणीच्या वेळी जनरेटर म्हणून चालतं आणि मागणी कमी असताना मोटर होऊन पाणी पुन्हा वर चढवतं. पॉवर अँगलचं चिन्ह बदललं की यंत्राचं काम बदलतं, याचं इतकं मोठं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. पुस्तक म्हणाल तर नागरथ-कोठारी किंवा बिंभ्रा, दोघांपैकी एक.

मशीन्स संपली की लगेच पॉवर सिस्टिम्स. मध्ये दुसरा विषय घुसवू नका, कारण पर-युनिटची पद्धत ट्रान्सफॉर्मर ताजा असतानाच पटकन बसते. राहाता तालुक्यात बाभळेश्वरला ४०० किलोव्होल्टचं उपकेंद्र आहे. १०० एमव्हीए बेस धरून ४०० किलोव्होल्टचा बेस इंपिडन्स काढा : ४०० चा वर्ग भागिले १००, म्हणजे १६०० ओहम. २२० ला ४८४. आणि ११ किलोव्होल्टला फक्त १.२१. हे तीन आकडे शेजारी लिहिले की ट्रान्समिशन उच्च दाबावर का करतात, ते वेगळं सांगावं लागत नाही.

पॉवर फॅक्टर सुधारण्याचं गणितही पंपावरच करा. ४ किलोवॅटचा भार, पॉवर फॅक्टर ०.८, तो ०.९५ करायचा. ४ गुणिले, ०.७५ आणि ०.३२९ यांचा फरक, सुमारे १.७ केव्हीएआर. शेतीपंपाला कपॅसिटर बसवा असं महावितरण वर्षानुवर्षं का सांगतं, याचं उत्तर इथे आहे. एका डीपीवर वीस मोटरी, त्यातल्या पुष्कळांना ऑटो बसवलेला. लाइट आली रे आली की सगळ्या मोटरी एकदम सुरू होतात, प्रत्येक मोटर तिच्या नेहमीच्या करंटच्या पाच-सहा पट ओढते, व्होल्टेज कोसळतं आणि डीपीचा फ्यूज जातो. परीक्षेत हे शब्द येणार नाहीत, पण व्होल्टेज ड्रॉप आणि रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर या दोन गोष्टी ज्याने असं पाहून समजून घेतल्या, त्याला लोड फ्लोचं प्रकरण परकं वाटत नाही. जिल्ह्याच्या उत्तर भागात २०११ पर्यंत मुळा-प्रवरा ही सहकारी वीज संस्था वितरण करत होती, मग ते काम महावितरणकडे गेलं. घरच्या जुन्या माणसांना त्या काळातली बिलं, मीटर, फीडर यांबद्दल विचारा. वितरणातली गळती म्हणजे नेमकं काय, याच्या गोष्टी ऐकायला मिळतील.

फॉल्ट्स आणि सिमेट्रिकल कॉम्पोनंट्स हा भाग अवघड आहे हे मान्य. त्यासाठी पंधरा दिवस सलग द्या. स्टॅबिलिटी समजून घेताना ३० आणि ३१ जुलै २०१२ आठवा. त्या दोन दिवशी उत्तरेतली ग्रीड कोसळली, दुसऱ्या दिवशी पूर्वेची आणि ईशान्येचीही गेली, पश्चिमेची ग्रीड मात्र वाचली. पुढे ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची लाइन जोडली गेली आणि दक्षिणेची ग्रीड उरलेल्या देशाशी एका फ्रिक्वेन्सीत आली. सोलापूरच्या त्या एका जोडणीनंतर सोनईच्या पंपातले ५० हर्ट्झ आणि केरळातले ५० हर्ट्झ एकच झाले.

सिग्नल्स आणि कंट्रोल हे दोन विषय एका दमात करा. दोन्हींची भाषा लाप्लासची. सिग्नल्समध्ये कन्व्होल्यूशन, फूरिए आणि झेड-ट्रान्सफॉर्म. आकृत्या हातांनी काढा, कन्व्होल्यूशनमध्ये एक सिग्नल उलटा करून दुसऱ्यावरून सरकवत न्या. कागदाच्या पट्ट्या कापून टेबलावर सरकवल्या तरी चालेल, मी मुलांना तसंच शिकवतो. कंट्रोलमध्ये राउथ, रूट लोकस, बोडे, नायक्विस्ट. उदाहरण म्हणून, ज्या ओपन लूप सिस्टिमचे पोल शून्यावर, उणे २ वर आणि उणे ४ वर आहेत, तिच्याभोवती लूप बंद करा आणि गेन वाढवत न्या. राउथच्या तक्त्यात ६ गुणिले ८ म्हणजे ४८ ला एक ओळ शून्य होते. ४८ च्या खाली स्थिर, वर अस्थिर, आणि बरोबर ४८ ला सिस्टिम ८ च्या वर्गमुळाएवढ्या रेडियन प्रति सेकंदाने डोलत राहते. हे एकच उदाहरण राउथने, रूट लोकसने, बोडेने आणि नायक्विस्टने, चारही वाटांनी सोडवा. चारही वाटा एकाच आकड्याशी येऊन मिळाल्या की कंट्रोलची भीती कायमची जाते.

पॉवर इलेक्ट्रॉनिक्स शेवटच्या तिसऱ्या भागात ठेवा, कारण त्याला सर्किट्सचे ट्रान्झियंट्स आणि सिग्नल्समधला फूरिए दोन्ही लागतात. त्याआधी वाचलं तर तरंगाकृती पाठ करण्यातच दिवस जातात. आता शिवाराशिवारात सौर पंप आलेत. पॅनेलचं डीसी, त्यामागे कन्व्हर्टर, मग थ्री फेज इन्व्हर्टर आणि मोटर : अभ्यासक्रमातले बक, बूस्ट, पीडब्ल्यूएम सगळे त्या एका पेटीत असतात. मोठं उदाहरण हवं तर चंद्रपूर ते पडघे ही १५०० मेगावॅटची, उणे-अधिक ५०० किलोव्होल्टची डीसी लाइन, जी १९९९ पासून विदर्भाची वीज मुंबईकडे आणते. सहा पल्सच्या कन्व्हर्टरमध्ये पाचवा, सातवा, अकरावा, तेरावा हार्मोनिक येतो. बारा पल्स केले की पाचवा आणि सातवा गळतो. का, ते फूरिएवरून स्वतः काढून बघा.

मापन आणि अ‍ॅनालॉग-डिजिटल यांत डिप्लोमाचा पाया तुम्हाला साथ देईल. दोन वॅटमीटरची पद्धत, सीटी-पीटी, ब्रिज. पॉवर फॅक्टर ०.५ झाला की एक वॅटमीटर शून्य दाखवतो, त्याखाली उलटा फिरतो. ऑप-अ‍ॅम्प, डायोड, मल्टिप्लेक्सर, फ्लिप-फ्लॉप. तीन-चार आठवडे पुरेत.

राहिले सामान्य क्षमतेचे १५ गुण. ते मशीन्सपेक्षा स्वस्त आहेत आणि तरीही आपली मुलं ते सोडून देतात, कारण त्यात इंग्रजी आहे. पेपर इंग्रजीतच असतो, हे खरं. त्यासाठी रोज इंग्रजी वर्तमानपत्रातला एक अग्रलेख मोठ्याने वाचा आणि त्याचा आशय मराठीत दोन वाक्यांत लिहा. व्याकरणाची पुस्तकं घेऊ नका. टक्केवारी, गुणोत्तर, वेळ-काम, आलेख हे तर दहावीचंच गणित आहे. हाच भाग पुढे महावितरण, महापारेषण, महानिर्मितीच्या भरती परीक्षांतही कामाला येतो. तिथे तांत्रिक विषयांबरोबर बुद्धिमत्ता, अंकगणित आणि मराठीही विचारतात. त्यामुळे ज्यांना नोकरी लवकर हवी आहे त्यांनी गेटचा अभ्यास वाया जाईल असं समजू नये.

आता वेळेबद्दल. परीक्षा साधारण फेब्रुवारीत असते, म्हणजे उजळणीचे दिवस डिसेंबर-जानेवारीत येतात. आपल्याकडे नेमका तेव्हा गळीत हंगाम ऐन भरात असतो, कांद्याची लागण असते, गव्हाला पाणी द्यायचं असतं. शेतीच्या फीडरला थ्री फेज कधी दिवसा येते, कधी रात्री. रात्रीची पाळी आली की घरातला तरुण मुलगा बारे द्यायला जातो, आणि दुसऱ्या दिवशी डोकं चालत नाही. शहरात छापलेल्या वेळापत्रकांत यातलं काही नसतं. म्हणून तुमचं वेळापत्रक फीडरच्या वेळापत्रकावर बसवा. ज्या आठवड्यात रात्रीची पाळी, त्या आठवड्यात नवीन विषय नाही, फक्त सोडवलेल्या प्रश्नांची उजळणी आणि सामान्य क्षमता. दिवसाची पाळी असेल त्या आठवड्यात पहाटे साडेचार ते साडेसात नवीन भाग. आणि घरी एकदा बसून बोला. दादांना, आईला सांगा की डिसेंबर आणि जानेवारीतले अमुक इतके दिवस मला सोडा, त्याबदल्यात जून-जुलैत मी जास्त काम करीन. न बोलता कुढत अभ्यास करणाऱ्यापेक्षा बोलून ठरवणाऱ्याला घर जास्त साथ देतं, हे मी पाहिलेलं आहे. मुलींच्या बाबतीत तर हे बोलणं आणखी आधी, तिसरं वर्ष सुरू होतानाच व्हायला हवं. त्यांच्या वाट्याला शेताबरोबर चूलही असते, आणि लग्नाचा विषयही याच वर्षात निघतो.

क्लास लावायचा का, असं मला नेहमी विचारतात. ज्याला पैसे देणं जड जातं त्याने लावू नये. आयआयटीच्या प्राध्यापकांची एनपीटीईएलवरची व्याख्यानं फुकट आहेत, मागील वर्षांचे पेपर फुकट आहेत. क्लास जे खरोखर देतो ते म्हणजे ठरलेल्या वेळी परीक्षा आणि सोबत. ते चार मित्र मिळून करू शकतात. दर रविवारी सकाळी एका खोलीत तीन तासांचा जुना पेपर, घड्याळ लावून, मोबाइल बाहेर ठेवून. कॅल्क्युलेटर पडद्यावरचा वापरायचा असतो, तर सरावही त्याच्यावरच करा. हातातल्या यंत्राची सवय झालेली बोटं परीक्षेत अडखळतात.

गुणांचा हिशेबही आधीच मनात बसवा. चार पर्यायांतून एकच निवडायचा असेल, तर एका गुणाच्या चुकलेल्या प्रश्नाला एक तृतीयांश गुण जातो, दोन गुणांच्या प्रश्नाला दोन तृतीयांश. डोळे मिटून खूण केली तर सरासरी हाती शून्य येतं. पण दोन पर्याय नक्की चूक आहेत हे कळलं, तर उरलेल्या दोनांतून एक निवडणं फायद्याचं असतं. एकापेक्षा जास्त पर्याय बरोबर असलेले आणि आकडा टाइप करायचे, या दोन्ही प्रकारांत चुकीला गुण कापत नाहीत, तेव्हा ते रिकामे सोडू नका. एकापेक्षा जास्त पर्यायांच्या प्रश्नात मात्र सगळे बरोबर आले तरच गुण, अर्धे नाहीत.

प्रत्येक पेपरनंतर चुकांची वही भरा. उत्तर लिहू नका, चूक कुठे झाली तेवढं एका ओळीत लिहा : "लाइन व्होल्टेज फेज म्हणून घेतलं", "डिग्री-रेडियन", "१२० च्या सूत्रात भागाकार उलटा". जानेवारीच्या मध्यापासून नवीन काही वाचायचं नाही, फक्त ही वही आणि सूत्रांचे कागद. गुणपत्र तीन वर्षं चालतं. पहिल्या खेपेला, म्हणजे बीईच्या तिसऱ्या वर्षात असताना, फॉर्म भरून परीक्षा द्याच, तयारी अर्धवट असली तरी. त्या दिवशी ज्या विषयाने वेळ खाल्ला, त्याचं नाव वहीच्या नव्या पानावर सगळ्यात वर लिहा आणि पुढच्या खेपेचा अभ्यास तिथून सुरू करा.